पाणी कुठे मुरतंय? पिझ्झा-बारमधल्या दहा विंग्जचं प्रकरण

टोपली टेबलावर आली तेव्हा नावं ठेवायला जागा नव्हती. दहा विंग्ज, म्हणजे कोंबडीच्या पंखांचे तुकडे, केशरी-लाल, दिव्याखाली चकचकणाऱ्या. कडेला सेलरीच्या चार काड्या आणि ब्लू चीज (निळसर बुरशीचं उग्र चीज) डिपची वाटी. मित्राने वरचा तुकडा उचलला, दातात धरून ओढला, आणि कातडी अख्खीच्या अख्खी निघून त्याच्या हनुवटीवर लोंबायला लागली. ओल्या मोज्यासारखी. ती काढून त्याने टोपलीच्या कडेला ठेवली, बोटं पुसली आणि निकाल देऊन टाकला, "यांचा सॉस बेकार आहे."

सॉस बेकार नव्हता. पुढचे तीन आठवडे आणि आणखी दोन फेऱ्या मी एवढं एकच शोधून काढण्यात घालवल्या. जागेचं नाव घेत नाही, कारण दोष त्या एका दुकानाचा नाही. घराजवळचा साधा पिझ्झा-बार: पुढे बार, बारवर दोन टीव्ही, मागे सरकत्या पट्ट्याचा पिझ्झा ओव्हन, आणि मेन्यूच्या पहिल्याच पानावर पिझ्झाच्या शेजारी विंग्ज. असा सेटअप जिथे जिथे आहे तिथे हे प्रकरण कधी ना कधी घडतंच.

शुक्रवारची रात्र

आम्ही पोचलो तेव्हा दोन्ही टीव्हींवर मॅच चालू होती आणि बारपाशी उभं राहायलाही जागा नव्हती. मित्राला पिझ्झाही हवा होता. मी नको म्हटलं. दोन्ही मागवलं की पोट पिझ्झाने भरतं आणि विंग्ज "ठीक होत्या" एवढ्यावर सुटतात. विंग्ज तपासायच्या तर नुसत्या विंग्जच. त्याने तोंड वाकडं केलं, पण ऐकलं.

चाळीस मिनिटांनी टोपली आली. मोज्याचा प्रसंग झाल्यावर मी उरलेले तुकडे नीट बघायला घेतले. पाच ड्रमेट होते, म्हणजे खांद्याकडचा, छोट्या तंगडीसारखा दिसणारा, एका हाडाचा भाग. पाच फ्लॅट होते, म्हणजे मधला, दोन समांतर बारीक हाडांचा चपटा भाग. टोकाचा तिसरा भाग नुसती कातडी आणि कूर्चा असतो, तो कापून सूपसाठी बाजूला पडतो. म्हणजे बारमध्ये ज्याला "दहा विंग्ज" म्हणतात ते मुळात पाच पंख, अडीच कोंबड्या. हिशोब म्हणून सांगतो, यात फसवणूक काही नाही. सगळीकडे असंच मोजतात.

कातडी सॉसखाली पांढुरकी, मऊ, रबरासारखी ताणली जाणारी. काही फ्लॅटच्या कडांवर मात्र सॉस करपून काळ्या रेघा पडलेल्या. टोपलीतल्या कागदावर तळाशी ओघळ साचला होता आणि त्यात दोन थर स्वच्छ दिसत होते: वर नारिंगी तेल, खाली लालसर पाणी. आणि दोन ड्रमेटच्या हाडालगत मांस लालसर.

त्या लालसरपणाने मित्र बिथरला. "अरे, हे कच्चं आहे, परत पाठव."

आधी हाडाचं निकालात काढू

कच्च्या कोंबडीची भीती फाजील नाही. कॅम्पिलोबॅक्टर आणि साल्मोनेला हे दोन जिवाणू अर्धकच्च्या कोंबडीतून पोटात जातात आणि माणसाला चांगलं आडवं करतात. पण रंग बघून कच्चं-शिजलेलं ठरवता येत नाही, आणि हाडालगत तर मुळीच नाही. बाजारातल्या कोंबड्या काही आठवड्यांच्याच असतात. त्यांची हाडं पुरती घट्ट झालेली नसतात, आतल्या मज्जेतला लाल रंग हाडातून झिरपतो आणि शेजारच्या मांसाला लागतो. माल गोठवून ठेवलेला असेल तर जास्तच. हा डाग कितीही शिजवलं तरी राहू शकतो. उलट, सगळं मांस पांढरंशुभ्र दिसत असूनही आतलं तापमान कमी असू शकतं. म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याचा निकष रंगाचा नाही, तापमानाचा आहे: सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता, 74 अंश सेल्सिअस.

त्या रात्री माझ्याकडे थर्मामीटर नव्हता. पण मांस हाडावरून सहज सुटत होतं आणि ड्रमेटच्या टोकाकडचं मांस आखडून हाड उघडं पडलं होतं. कच्चं मांस हाडाला चिकटून बसतं, ओढलं तरी तंतू सुटत नाहीत. इथे तसं नव्हतं. मी ते तुकडे खाल्ले, मित्राने खाल्ले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी दोघंही ठणठणीत होतो. (याला पुरावा म्हणत नाही. पुढच्या फेरीला थर्मामीटर खिशात घातला.)

मग उरल्या तीन गोष्टी: मऊ कातडी, करपलेल्या रेघा आणि दोन थरांचा ओघळ. मला सगळ्यात बोलका वाटला तो ओघळ.

विंग्ज पिझ्झावाल्यांकडे आल्याच कशा

इथे थोडं मागे जायला हवं, कारण दुखण्याचं मूळ या सोयरिकीत आहे. कोंबडीचे पंख एके काळी स्टॉकच्या भांड्यात जायचे, त्यांना कोणी वेगळं विचारत नव्हतं. 1964 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात अँकर बारच्या टेरेसा बेलिसिमो यांनी पंख तळले, तिखट सॉस आणि लोणी यांच्या मिश्रणात घोळवले आणि सेलरी-ब्लू चीजबरोबर दिले. हे नेमकं कशामुळे घडलं याच्या त्या घराण्यातच दोन-तीन गोष्टी सांगितल्या जातात. एका गोष्टीत मुलाचे मित्र रात्री उशिरा भुकेले आले, दुसरीत दुकानात चुकून पंखांचाच माल येऊन पडला. त्याच शहरात, त्याच दशकात जॉन यंग हे कृष्णवर्णीय व्यावसायिक अख्खे पंख पिठात घोळवून, तळून मॅम्बो नावाच्या सॉसमध्ये विकत होते, आणि श्रेयाच्या हिशोबात त्यांचं नाव फार काळ मागेच राहिलं. 1977 मध्ये बफेलो शहराने 29 जुलै हा चिकन विंग डे जाहीर केला. इतक्या वर्षांत तिथल्या मूळ पद्धतीचा गाभा बदललेला नाही: पंखांना पीठ लावायचं नाही, तेलात तळायचं आणि सॉस शेवटी.

अँकर बार हे इटालियन जेवणाचं ठिकाण आणि बारही. म्हणजे पिझ्झा, बार आणि विंग्ज हे त्रिकूट जन्मापासूनचंच आहे. बारवाल्याला खारट, तेलकट, तिखट पदार्थ हवाच असतो, त्याने ग्लास लवकर रिकामा होतो. पुढे मोठ्या पिझ्झा साखळ्यांनाही हे उमगलं. डॉमिनोजने 1994 मध्ये मेन्यूत विंग्ज घेतल्या, पिझ्झा हटने 2003 मध्ये विंगस्ट्रीट नावाने त्यांचा वेगळा विभागच काढला.

गोम इथेच आहे. विंग जन्माला आली ती उकळत्या तेलात, आणि पिझ्झाच्या दुकानात तेलाची कढई असेलच असं नाही. फ्रायर लावायचा म्हणजे वर तेलकट वाफ ओढणारं हूड, आग विझवायची यंत्रणा, रोज तेल गाळणं, वापरलेलं तेल ठेवायला जागा. पिझ्झा ओव्हन मात्र सकाळपासून तापलेलाच असतो. डॉमिनोजच्या विंग्जही ओव्हनमध्येच होतात. लहान दुकानदाराने तोच रस्ता धरला तर त्याला बोल लावता येत नाही. फक्त ओव्हनला पिझ्झाची सवय असते. सपाट, पातळ, मध्ये हाड नसलेल्या वस्तूची.

मंगळवार, दुपारचे तीन

दुसऱ्या फेरीला मी एकटाच गेलो आणि बारच्या टोकाच्या स्टुलावर बसलो. तिथून ओव्हन दिसतो. दुकान रिकामं होतं. तोच ऑर्डर दिला: दहा विंग्ज, हॉट, ब्लू चीज.

सोळा मिनिटांत टोपली आली, आणि या वेळी विंग चावल्यावर आवाज आला. कातडी दाताखाली तुटली. तळाशी ओघळ नव्हता, सॉस कातडीला धरून होता. थर्मामीटर खुपसला तर ड्रमेटमध्ये 84 अंश. 74 ही सुरक्षिततेची किमान रेषा झाली. विंगमध्ये कातडी आणि जोडऊती भरपूर असते, आणि तिच्यातलं चिवट कोलेजन विरघळून लुसलुशीत व्हायला जास्त उष्णता आणि वेळ लागतो. म्हणून विंग 80-85 च्या पुढे गेलेलीच बरी. छातीचं मांस त्या तापमानाला भुसा होईल, पंख होत नाही.

म्हणजे दुकान तेच, माल तोच, सॉस तोच, आणि पदार्थ ओळखू येणार नाही इतका वेगळा. मी ओव्हनवर उभ्या असलेल्या माणसाला तसं सांगितलं. शुक्रवारचं वर्णनही केलं, जरा बिचकतच. तो चिडला नाही. हात पुसत बारपाशी आला आणि म्हणाला, "शुक्रवारी आलात होय. शुक्रवारी माझे दोन्ही हात पिठात असतात."

मग त्याने सगळी पद्धत सांगितली. सकाळी कच्च्या विंग्जना मीठ-मसाला आणि थोडं तेल चोळून ट्रेमध्ये पसरतात आणि ओव्हनच्या पट्ट्यावरून दोनदा फिरवून पूर्ण शिजवून घेतात. गार करून झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये. ऑर्डर आली की दहा काढायच्या, पुन्हा एकदा पट्ट्यावरून सोडायच्या, बाहेर आल्या की स्टीलच्या मोठ्या वाडग्यात कोमट सॉसबरोबर उडवायच्या आणि टोपलीत ओतायच्या. हे झालं मंगळवारचं. शुक्रवारी पाच-सहा टेबलांच्या विंग्ज एकदम लागतात. तेव्हा एकाच खोल ट्रेमध्ये चाळीस-पन्नास तुकडे भरायचे, वरून सॉस ओतायचा आणि सॉससकट पट्ट्यावर सोडायचे. पलीकडून आले की मोजून टोपल्यांत. वाडग्याचं काम वाचतं, माणूस वाचतो.

त्या दोन थरांचं कोडं तिथेच सुटलं.

सगळा खेळ पाण्याचा

कोंबडीच्या कच्च्या कातडीत निम्म्याहून जास्त पाणी असतं आणि साधारण एक-तृतीयांश चरबी. कातडी कुरकुरीत करायची म्हणजे त्यातलं पाणी घालवायचं आणि चरबी वितळवून काढायची. मागे राहतं ते प्रथिनांचं पातळ, कडक कवच. जोवर पृष्ठभाग ओला आहे तोवर तिथलं तापमान 100 अंशांच्या आसपास अडकून राहतं, मग ओव्हन कितीही तापवा. सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. आणि खमंग तपकिरी रंग, तो भाजल्याचा वास, हे खरं तर 140 अंशांच्या पुढे जोर धरतं. ओली विंग त्या टप्प्यापर्यंत पोचतच नाही. ती भाजली जात नाही, वाफवली जाते.

तळताना हे झटपट होतं, कारण 175 ते 190 अंशांचं तेल तुकड्याला चहूबाजूंनी बिलगतं आणि हवेच्या कितीतरी पट वेगाने उष्णता देतं. पटत नसेल तर आठवून बघा: 250 अंशांच्या ओव्हनमध्ये ट्रे सरकवताना हात क्षणभर आत जातो आणि सुखरूप बाहेर येतो; 180 अंशांच्या तेलात बोटाचं टोकही बुडवता येत नाही. म्हणून फ्रायरमध्ये विंग दहा-बारा मिनिटांत होते, आणि घरच्या ओव्हनमध्ये 220 अंशांना पाऊण तास घेते. पट्ट्याचा ओव्हन या दोघांच्या मधला. त्यात वरून आणि खालून गरम हवेचे झोत मारलेले असतात, म्हणून पिझ्झा सात-आठ मिनिटांत तयार होतो. एकेरी पसरलेल्या विंग्जनाही ते झोत मानवतात. पण खोल ट्रेमध्ये चाळीस तुकडे एकमेकांवर रचले की खालचा झोत ट्रेच्या बुडाला धडकतो, वरचा फक्त वरच्या थराला लागतो, आणि मधले तुकडे एकमेकांच्या वाफेत बसून राहतात.

वर त्यात सॉस. बफेलो पद्धतीचा सॉस म्हणजे केयेन मिरचीचा तिखट सॉस, ज्यात व्हिनेगर आणि पाणी बरंच असतं, आणि लोणी. लोणी हे साधारण 80 टक्के स्निग्धांश आणि उरलेलं बहुतेक पाणी. कोमट असताना घोटले तर दोन्ही एकजीव होतात, दाटसर आणि तुकतुकीत. हे मिश्रण उकळलं की मोडतं, स्निग्धांश वर तरंगतो आणि आंबट लाल पाणी खाली बसतं. टोपलीतले दोन थर म्हणजे सॉस ओव्हनमध्ये जाऊन आल्याची सही होती. कडांवरच्या काळ्या रेघाही त्याच: ट्रेच्या कडेला पातळ पसरलेल्या सॉसचं पाणी आधी उडालं आणि उरलेला भाग करपला. एकाच टोपलीत करपलेलं आणि वाफवलेलं दोन्ही कसं, हे मला शुक्रवारी कळत नव्हतं. उत्तर ट्रेच्या आकारात होतं.

सकाळी शिजवून ठेवण्यात मला दोष दिसत नाही, उलट ती या पद्धतीची जमेची बाजू आहे. पहिल्या फेरीत चरबी आणि पाणी बरंचसं निघून जातं, दुसऱ्या फेरीत कातडी कडक होते. दोनदा तळायच्या पद्धतीमागेही हाच हिशोब असतो. थोडं पाणी मुरत होतं ते फ्रिजमधल्या डब्यात. विंग्ज पुरत्या गार व्हायच्या आधी झाकण लागलं की आतल्या बाजूला वाफेचे थेंब धरतात आणि पुन्हा कातडीवरच पडतात. उघड्या जाळीवर फ्रिजमध्ये ठेवल्या तर तिथली कोरडी हवा फुकटात काम करते. मी हे सुचवलं तर तो हसला. फ्रिजमध्ये जाळी ठेवायला जागा नाही, चीज कुठे ठेवू, म्हणाला. बरोबरच आहे त्याचं.

घरी करणाऱ्यांची एक युक्ती मी त्याला सांगितली. मिठाबरोबर किंचित बेकिंग पावडर कातडीला चोळली की पृष्ठभाग थोडा अल्कधर्मी होतो, तपकिरी रंग लवकर चढतो आणि कातडीवर बारीक फोड येऊन ती जास्त खडबडीत होते. हात सैल सुटला तर मात्र तोंडात धातूसारखी चव राहते. त्याने ऐकून घेतलं. वापरेल असं वाटत नाही.

गुरुवारची चाचणी

मित्राला हे सगळं सांगितलं तर तो ऐकायला तयार नव्हता. "सॉसच बदलला असेल त्यांनी." मग गुरुवारी संध्याकाळी, बेताची गर्दी असताना, त्याला घेऊनच गेलो. ओव्हनवाल्याला विनंती करून सहा-सहाच्या दोन टोपल्या मागवल्या. एकीच्या विंग्ज शुक्रवारसारख्या: आधी सॉस, मग पट्टा. दुसरीच्या मंगळवारसारख्या: आधी पट्टा, मग वाडग्यात सॉस. सॉस माझ्या डोळ्यांदेखत एकाच बाटलीतून ओतला. मित्राला टीव्हीकडे तोंड करून बसवलं आणि टोपल्या कुठल्या ते सांगितलं नाही.

पहिल्या टोपलीतला एक तुकडा खाऊन तो म्हणाला, "हाच तो. पातळ, आंबट, नुसता झोंबतो." दुसऱ्या टोपलीतला खाऊन म्हणाला, "हा बघ. यात लोणी आहे. सॉस असा पाहिजे." एकाच बाटलीतला सॉस, आणि त्याला दोन वेगळे सॉस लागले. माझ्या मते तिन्ही फेऱ्यांतला सगळ्यात मोलाचा पुरावा हाच. मोडलेल्या सॉसमधलं लोणी तळाला निथळून जातं आणि जिभेवर व्हिनेगर उरतं, म्हणून तो खरोखरच आंबट आणि तिखट लागतो. माणूस चूक सॉसच्या पदरात टाकतो, कारण चव त्याच्यातून येते.

थर्मामीटरवर दोन्ही टोपल्या 82 ते 86 च्या मध्ये. शिजण्यात फरक शून्य.

दुसऱ्या टोपलीचं गुणगानच करायचं नाही. दोन फ्लॅटच्या टोकांशी कातडी जळून कडू झाली होती, कारण बारीक तुकडा आणि जाड तुकडा एकाच पट्ट्यावर एकाच वेगाने जातात. आणि कुरकुरीतपणाला आयुष्य फार थोडं. सहावा तुकडा हातात घेईपर्यंत दहा मिनिटं झाली होती आणि कातडी नरमायला लागली होती. सॉस वरून ओला, आतून वाफ. दोन्हीकडून कातडीत पाणीच शिरतं. आल्या आल्या खाव्यात, गप्पा नंतर. झाकणाच्या डब्यात पार्सल नेणाऱ्याने तर सॉस वेगळाच मागावा, नाहीतर घरी पोचेपर्यंत मंगळवारचा शुक्रवार होतो.

सॉस लावून ओव्हनमध्ये घालणं ही नेहमीच चूक असते असंही नाही. बार्बेक्यूसारखा गोड, दाट सॉस असेल तर आधी विंग्ज कोरड्या कुरकुरीत करून, सॉस माखून, शेवटची तीन-चार मिनिटं पुन्हा आत सोडतात. साखर कातडीवर चिकटून लकाकी येते. पण तिथे कातडीतलं पाणी आधीच गेलेलं असतं. शुक्रवारी तेच गेलं नव्हतं.

डिपबद्दल दोन शब्द, कारण मित्राने पहिल्या टोपलीचं तिखट बिअरने विझवायचा प्रयत्न केला. मिरचीतलं कॅप्सायसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. बिअर म्हणजे बहुतांशी पाणी, आणि तिच्या बुडबुड्यांनी जीभ आणखी चुरचुरते. ब्लू चीजमध्ये स्निग्धांश आहे आणि दुधातलं केसीन हे प्रथिनही, जे कॅप्सायसिनला जिभेवरून उचलून नेतं. वाटी शोभेची नसते. बफेलोत तिच्या जागी रँच (ताक आणि मसाल्यांचं पांढरं डिप) मागितलं तर लोक भुवया उंचावतात, पण शास्त्र म्हणाल तर रँचनेही काम भागतं.

मित्राचा पुढचा सवाल होता, "मग बोनलेसच का घेऊ नये? हाड नाही, कातडी नाही, भानगडच नाही." बोनलेस विंग म्हणजे विंग नव्हेच, छातीच्या मांसाचे पिठात घोळवून तळलेले तुकडे. आणि हाड नसल्याची खात्री म्हणाल तर, घशात हाड अडकलेल्या एका गिऱ्हाइकाच्या दाव्यात ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये 4 विरुद्ध 3 मतांनी म्हटलं की बोनलेस विंग हे पदार्थ करण्याच्या पद्धतीचं नाव आहे, हाड नसण्याची हमी नव्हे. हे ऐकून तो गप्प झाला आणि दुसऱ्या टोपलीतला उरलेला फ्लॅट त्याने संपवला.

गर्दी ओसरल्यावर ओव्हनवाला आमच्या टेबलाशी आला. दोन्ही टोपल्यांतली हाडं बघून त्याला निकाल कळला असावा. मी म्हटलं, शुक्रवारी वाडग्याला माणूस नसेल तर सॉस न लावता विंग्ज पसरट ट्रेमध्ये सोडा आणि सॉस छोट्या वाटीत वेगळा द्या, गिऱ्हाईक बुडवून खाईल. तो जरा विचारात पडला. शुक्रवारच्या वाट्या मोजत होता बहुधा. "म्हणजे वाट्या धुवायला माणूस," म्हणाला. मग म्हणाला, "करून बघतो. निदान ट्रे तरी बदलतो."

जाता जाता थांबला आणि मागे वळून विचारलं, "तीन वेळा आलात. पिझ्झा कधी खाणार?"

मित्र माझ्याकडे बघत राहिला.